किरकिरे बाळ आणि पती-पत्नींचे नाते

बाळाच्या बाप्तिस्म्याच्या छायाचित्रांत सर्व जण हसताना दिसतात. आईच्या अंगावर नवी साडी असते, वडिलांच्या हाती मेणबत्ती असते, धर्मपिता व धर्ममाता बाळाकडे कौतुकाने पाहत असतात. आदल्या रात्री त्या घरात कोण किती वेळ झोपले, हे मात्र छायाचित्रात उमटत नाही. काही घरांत त्या रात्री कोणीच झोपलेले नसते. गेल्या कित्येक दिवसांत पती-पत्नी एकमेकांशी दूध, दुपटी आणि औषध यांखेरीज अन्य विषयावर एक वाक्यही बोललेले नसतात. अशा घरांविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

अपत्य ही परमेश्वराची देणगी आहे, असे आपण मानतो. त्यामुळेच बाळाचा कंटाळा आला, असे म्हणणे आईला पापासारखे वाटते. सातारा, कराड, सांगली, मिरज या परिसरातील कुटुंबांशी बोलताना आम्हांला एक गोष्ट जाणवत आली आहे. कर्जाविषयी, घराच्या वाटणीविषयी, अगदी दारूविषयीही लोक मोकळेपणाने सांगतात. परंतु आमच्या संसारातली कटुता बाळ चार महिन्यांचे असताना सुरू झाली, हे सहसा कोणी सांगत नाही. फार उशिरा, दुसऱ्याच कोणत्या तरी तक्रारीच्या ओघात ते बाहेर येते. सांगणाऱ्यांना स्वतःलाच त्याचे आश्चर्य वाटते, कारण एवढेसे मूल दोन मोठ्या माणसांत अंतर पाडू शकेल, हे त्यांना पटत नाही. आमचेही म्हणणे तेच आहे. मूल अंतर पाडत नाही. ते अंतर कसे पडते, ते समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

रडणे किती म्हणजे फार?

सर्वच तान्ही मुले रडतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. मॉरिस वेसेल यांनी १९५४ साली एक साधा निकष मांडला. अन्यथा निरोगी असलेले, नीट दूध पिणारे बाळ दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीनहून अधिक दिवस आणि तीनहून अधिक आठवडे रडत असेल, तर ते अतिरडे समजावे. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, डॉ. बेरी ब्रॅझल्टन यांनी ८० निरोगी बाळांच्या मातांकडून रोजच्या रडण्याची नोंद ठेवून घेतली. दुसऱ्या आठवड्यात ही बाळे दिवसाकाठी सुमारे पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात हे प्रमाण पावणेतीन तासांवर गेले आणि बारावा आठवडा येईपर्यंत तासाभरावर उतरले. रडण्याचा जोर सायंकाळी अधिक असे. याचा अर्थ असा, की दिवेलागणीला सुरू होऊन सर्वांची जेवणे होईपर्यंत न थांबणारे रडणे हा बहुतांशी वाढीचाच एक टप्पा आहे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तो शिगेला पोहोचतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुधा आपोआप ओसरतो.

आजार हे कारण असलेली बाळे शंभरात जेमतेम पाच निघतात. उरलेल्यांचे कारण सापडत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना मान्य होत नाही. कारण नाही म्हणजे काय? मग बाळगुटी उगाळली जाते, पोटावर ओव्याचा शेक दिला जातो, ग्राइप वॉटरची बाटली येते, मीठ-मोहरी उतरवून दृष्ट काढली जाते. (आपल्या श्रद्धावंतांच्या घरांतही दृष्ट काढतात. ती बहुधा आजी काढते आणि फादरांना सांगत नाही.) यांतील पुष्कळसे उपाय निरुपद्रवी आहेत, त्यांनी आजीला काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि तेवढ्यात बाळ दमून झोपते. परंतु पूर्वी सर्वच उपाय निरुपद्रवी नव्हते. सातारा जिल्ह्यातून हजारो कुटुंबे मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेली, त्या काळात गिरणीत उभ्या राहणाऱ्या आया तान्ह्या मुलांना निजवण्यासाठी ‘बाळगोळी’ देत असत. त्या गोळीत अफू असे. जुन्या ग्राइप वॉटरमध्ये मद्यार्क असे. म्हणून आजही बाटलीवरील मजकूर वाचल्याशिवाय काही पाजू नये. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज अन्य काही, गुटीसुद्धा, देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. आजीचा मान राखून हे तिला कसे समजवायचे, हा प्रश्न आहेच. आमचा अनुभव असा, की सुनेने सांगितले तर वाद होतो, डॉक्टरांनी आजीसमोर सांगितले तर होत नाही. दवाखान्यात जाताना आजीला बरोबर न्यावे.

ज्यांत आजाराची शंका घ्यावी, अशी लक्षणे मात्र सर्वांना ठाऊक असावीत. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप येणे, हिरवी उलटी होणे, शौचातून रक्त पडणे, दूध पिणे सोडून देणे, वजन न वाढणे, अंग ढिले पडणे, जांघेत फुगवटा येणे, किंवा रडण्याचा आवाज एकाएकी बदलून किंचाळल्यासारखा होणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता बाळाला त्वरित दवाखान्यात न्यावे.

स्वभाव घेऊनच जन्मलेली मुले

तीन-चार महिन्यांनंतर सर्वच मुले शांत होतात, असे नाही. काही मुलांच्या झोपेला आणि भुकेला वेळापत्रक नसते, नव्या माणसाला पाहताच ती आकांत करतात, आंघोळीचे पाणी किंचित गार असले तरी घर डोक्यावर घेतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत अभ्यास केला. त्यांतील सुमारे ४० टक्के मुले सांभाळण्यास सोपी निघाली, १५ टक्के हळूहळू रुळणारी आणि १० टक्के ‘अवघड’ होती. बाकीची कोणत्याच एका वर्गात बसत नव्हती. त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष असा, की अवघड मूल हे आईवडिलांच्या चुकीचे फळ नव्हे. मूल जन्मतःच काही स्वभाव घेऊन येते. त्याचे पुढे काय होते, हे त्या स्वभावाचा घराशी मेळ बसतो की नाही, यावर अवलंबून असते.

मेळ म्हणजे काय, हे दाखवणारे एक उदाहरण आफ्रिकेतील आहे. आटपाडी, जत, माण, खटाव येथील वाचकांना ते लवकर उमजेल. मार्टेन डेव्हरिस या संशोधकाने केनियातील मसाई पशुपालकांच्या काही तान्ह्या मुलांची सोपी व अवघड अशी विभागणी केली होती. त्यानंतर भीषण दुष्काळ पडला, गुरे मेली, कुटुंबे पांगली. त्याला पुन्हा सापडलेल्या कुटुंबांत सात सोप्या बाळांपैकी पाच दगावली होती. सहा अवघड बाळांपैकी एकच दगावले होते. हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. संख्या लहान आहे, तिच्यावरून फार मोठा सिद्धान्त काढू नये. पण रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, ही आपल्याकडची म्हण केनियातही खरी ठरली, एवढे निश्चित. ज्या स्वभावाने सुकाळात आईबापांना हैराण केले, त्याच स्वभावाने दुष्काळात बाळाला तगवले.

रडणे माहेरी, भांडण सासरी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परदेशी पुस्तके सांगतात, की बाळ जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच पती-पत्नींमध्ये ताण निर्माण होतो. आपल्याकडे तसे दिसत नाही आणि त्याचे कारण आपल्या रिवाजात आहे. सातारा-सांगलीकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. बाळ तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात पडले की मग तिला सासरी आणतात. म्हणजे सहाव्या आठवड्याचे ते सर्वांत कठीण दिवस माहेरी सरतात. रात्री बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणारी असते आजी. झोळीला झोका देतात मावश्या. बाळंतिणीला आळिवाची खीर हातात मिळते. ही व्यवस्था अत्यंत शहाणपणाची आहे. तिने पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणींना तारले आहे आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

परंतु या व्यवस्थेत बाळाच्या वडिलांना जागा नाही. ते रविवारी येतात, इस्त्रीचा सदरा घालून. ते जावईबापू असतात, पाहुणे असतात. त्यांच्यासाठी मटणाचा बेत होतो. बाळ पाव तास त्यांच्या मांडीवर ठेवले जाते. ते रडू लागताच “द्या इकडे” म्हणून कोणीतरी उचलते. सायंकाळच्या बसने ते परत जातात. ज्या काळात आई बाळाच्या रडण्याची भाषा शिकते, भुकेचे रडणे कोणते, झोपेचे कोणते, नुसतेच कोणते, त्या काळात वडील वर्गाबाहेर उभे असतात.

यथावकाश आई व बाळ सासरी येतात. आजीचे हात माहेरी राहिलेले असतात. याच सुमारास अनेक बाळांच्या झोपेची घडी बदलते आणि रात्री पुन्हा पुन्हा जाग येऊ लागते. घर नवे, माणसे नवी. बाळ स्वभावाने अवघड असेल तर ते या बदलाचा पूर्ण निषेध नोंदवते. आई त्या बाळाला शंभराहून अधिक दिवस ओळखते, वडील जेमतेम पंधरा रविवार. ते मनापासून पुढे होतात. उचलण्याची पद्धत चुकते, बाळ अधिक रडते. “तुम्हांला जमणार नाही, द्या इकडे.” हे वाक्य आता माहेरची माणसे नव्हे, पत्नी उच्चारते. दोन-चार वेळा असे झाले की वडील पुढे होत नाहीत. ते उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपू लागतात, कारण सकाळी ड्यूटी असते. पत्नीच्या मनात बसते, की यांना आमची पर्वा नाही. पतीच्या मनात बसते, की या घरात आता माझी गरज पगारापुरती आहे. दोघेही खोटे बोलत नसतात. भांडण मात्र बाळावरून कधीच होत नाही. ते होते भाजीतल्या मिठावरून, माहेरच्या फोनवरून, मित्राबरोबर घालवलेल्या एका तासावरून.

या दोन जिल्ह्यांत आणखी एक अडचण आहे. येथील पुष्कळ पुरुष नोकरी-धंद्यासाठी दूर असतात. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी भारतभर पांगलेले आहेत. साताऱ्यात घरटी जवान देणारी मिलिटरी अपशिंगेसारखी गावे आहेत. पाटण-जावळीकडचे अनेक जण नवी मुंबईत माथाडी कामगार आहेत. आपले कॅथलिक बांधव येथे संख्येने थोडे व विखुरलेले आहेत. शिक्षक, परिचारिका, रेल्वे कर्मचारी म्हणून बदलीवर आलेल्या अनेकांची मूळ गावे दूर आहेत आणि शेजारी हक्काची जाऊबाई नाही. दूर असलेल्या पतीला मोबाईलच्या पडद्यावर बाळ दिसते, ते बहुधा हसताना. रडणाऱ्या बाळाला घेऊन कोणी फोन लावत नाही. सुट्टीवर आल्यावर तो निरागसपणे विचारतो, “फोनवर तर किती शांत असायचं, आता काय झालं?” त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसते, की या प्रश्नाने किती खोल जखम केली.

दोष कोणाच्या वळणाचा?

बाळ अवघड असले की घरात एक चौकशी सुरू होते. “आमच्या घराण्यात कोणी असं रडलं नव्हतं.” हे वाक्य ऐकलेले नाही, अशी सून विरळा. आईचे दूध कमी पडते का, तिने काय खाल्ले, गरोदरपणात ती चिडचिड करत होती का, असे प्रश्न एकामागून एक येतात, आणि ते सर्व एकाच दिशेने जातात. थॉमस व चेस यांचा निष्कर्ष आम्ही वर मुद्दाम विस्ताराने दिला तो याचसाठी. आणि मुलगी असेल तर? सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशा’ अशी नावे असलेल्या २८५ मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली, हे वाचकांना आठवत असेल. ज्या घरात मुलगी नकोशी असते, त्या घरात तिचे रडणे अधिक कर्कश ऐकू येते आणि तिच्या आईच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. निदान पतीने तरी असावे.

अशा चौकशीच्या वेळी पती काय करतो, यावर बरेच काही ठरते. तो गप्प राहिला तर पत्नी ते मौन संमती म्हणून मोजते. आईला उलट बोलावे, असे आम्ही म्हणत नाही. “आई, डॉक्टरांनी वजन बघितलंय, दूध पुरतंय, काही बाळं रडतातच,” एवढे एक वाक्य सर्वांसमोर शांतपणे उच्चारले तरी पुरते. आम्ही पाहिले आहे, की बायका हे एक वाक्य वर्षानुवर्षे विसरत नाहीत. आणि ते उच्चारले गेले नसेल, तर तेही विसरत नाहीत.

पती-पत्नींच्या शारीरिक जवळिकीविषयीही संकोच बाजूस ठेवून थोडे लिहिणे आवश्यक आहे. रात्रंदिवस बाळ अंगावर असलेल्या स्त्रीला दिवस संपताना कोणाचाच स्पर्श नकोसा वाटतो; त्यात दुसऱ्या गर्भारपणाची भीती असते. पती याला नकार समजतो. तो नकार नसून थकवा आहे, हे तिने सांगावे लागते आणि त्याने मानावे लागते. न बोलता हे समजत नाही.

थकवा आणि आजार यांतील फरक

सगळाच थकवा झोपेने जात नाही. गोव्यात म्हापसा येथील रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज व डॉ. नंदिता डिसोझा यांनी २७० गरोदर स्त्रियांशी संपर्क ठेवून एक अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त आढळल्या. सहा महिन्यांनी पाहिले असता त्यांतील निम्म्याहून अधिक अजूनही त्याच अवस्थेत होत्या. कोणत्या स्त्रियांना धोका अधिक होता? गरिबी असलेल्या, पतीशी संबंध बिघडलेल्या, मारहाण सोसणाऱ्या, आणि मुलगी झालेल्या. भारतभरातील ३८ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेले प्रमाणही असेच, २२ टक्के, आले. पाचांतली एक आई! आपल्या धर्मग्रामात या वर्षी किती बाप्तिस्मे झाले, ते आठवून वाचकांनी स्वतःच हिशेब करावा.

ही स्त्री नेहमी रडताना दिसतेच असे नाही. बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही. तिला बाळाविषयी काहीच वाटेनासे होते किंवा सतत भय वाटते. कधी आपण नसलेले बरे, असेही विचार येतात. घरातील लोक याला आळस, हट्ट किंवा माहेरची ओढ म्हणतात. तो उपचारांनी बरा होणारा आजार आहे. वडिलांनाही तो होतो; २०१० मध्ये अनेक देशांतील ४३ अभ्यासांची एकत्र पाहणी झाली, तेव्हा बाळाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे दहा टक्के पित्यांत नैराश्य आढळले. पुरुषाचे नैराश्य बहुधा उदास चेहऱ्याने येत नाही; ते संतापाने, घरी उशिरा येण्याने किंवा बाटलीने येते.

येथे एक चक्र लक्षात घ्यावे. रडणाऱ्या बाळाने आई खचते, खचलेल्या आईकडे पाहून पती दूर जातो, एकटी पडल्याने ती अधिक खचते आणि बाळाला ते जाणवते. सुरुवात कोणापासून झाली, याचा शोध व्यर्थ आहे. चक्र कोठेही तोडता येते. हॉलंडमध्ये डिम्फना व्हॅन डेन बूम यांनी १०० चिडखोर बाळांच्या गरीब मातांपैकी निम्म्यांना बाळ सहा ते नऊ महिन्यांचे असताना घरी जाऊन केवळ तीन भेटी दिल्या आणि बाळाचे इशारे कसे ओळखावेत, ते दाखवले. वर्षअखेरीस त्या बाळांचे आईशी असलेले नाते इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक घट्ट होते. मोठा खर्च नाही, औषध नाही. फक्त तीन भेटी.

कोणाचे नाते टिकते?

अमेरिकेत अ‍ॅलिसन शापिरो, जॉन गॉटमन आणि सिबिल कारेर यांनी नवविवाहित जोडप्यांचा काही वर्षे मागोवा घेतला. त्यांतील ४३ जोडपी आईबाप झाली. दोन तृतीयांश पत्नींचे वैवाहिक समाधान बाळानंतर घटले. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती उरलेल्या एक तृतीयांशांची गोष्ट, ज्यांचे समाधान टिकले किंवा वाढले. त्यांच्या विवाहाच्या प्रारंभीच्या मुलाखती पुन्हा तपासल्या, तेव्हा असे दिसले, की त्या पतींच्या बोलण्यात पत्नीविषयी जिव्हाळा होता आणि पत्नीच्या जगात काय चालले आहे, याची त्यांना जाण होती. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बाळंतपणाची तयारी बाळ येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. आपल्याकडील विवाहपूर्व शिबिरांत वचनांविषयी, संस्काराविषयी पुष्कळ सांगितले जाते; रात्री तीन वाजता दुपटे कोण बदलणार, याविषयी एक तास ठेवला तर तो वाया जाणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या पत्रात बाळाच्या आगमनाचा उल्लेख वैवाहिक जीवनातील नेहमीच्या संकटांमध्येच केला होता, हे येथे नमूद करावेसे वाटते.

मग माहेरचा रिवाज सोडावा काय? नाही. त्यात वडिलांसाठी जागा करावी. रविवारी आलेल्या जावयाला मटण वाढावे, पण बाळाची एक आंघोळ, एक दुपटे आणि एक रडण्याची सायंकाळ संपूर्णपणे त्याच्या हाती द्यावी, आणि सासूबाईंनी दाराआड उभे राहून सूचना देण्याचा मोह आवरावा. शक्य असेल त्याने रजेचे काही दिवस बारशाच्या पंगतीऐवजी सहाव्या आठवड्यासाठी राखावेत. आई-बाळ सासरी आल्यावर पहिला महिनाभर पत्नीने पतीची चूक सुधारू नये. बाळ त्याच्या हातात पाच मिनिटे अधिक रडेल, त्याने काही बिघडत नाही. रात्र वाटून घ्यावी. पत्नीला सलग चार तास झोप मिळाली, तर दुसऱ्या दिवशीचे निम्मे भांडण होत नाही, असे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. दूर असलेल्या पतीने रडण्याच्या वेळीच फोन करावा आणि उपाय न सुचवता नुसते ऐकावे. हे सर्वांत कठीण आहे.

आशाताईंच्या घरभेटींचाही उपयोग करून घ्यावा. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी म्हणजे नेमकी सहाव्या आठवड्यात असते. त्या दिवशी फक्त बाळाविषयी नव्हे, तर स्वतःविषयीही बोलावे. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी भेटी असतात. तोपर्यंत बाळंतीण सासरी आलेली असते, म्हणून सासरच्या गावी नाव नोंदवण्यास विसरू नये.

रविवारच्या मिस्सेत एक दृश्य आम्ही नेहमी पाहतो. बाळ रडू लागते, चार माथी मागे वळतात, आई उठून बाहेर झाडाखाली जाते आणि उपदेश संपेपर्यंत तेथेच फेऱ्या मारते. वडील आत बाकावर बसून असतात. पुढच्या रविवारीही तीच जाते. सुवार्तेत मात्र रात्री उठून बालक व त्याच्या आईला घेऊन निघण्याचे काम योसेफाचे आहे. आणि भांडणाविषयी बोलायचे, तर १३ जानेवारी २०१९ रोजी सिस्टाइन चॅपेलमध्ये २७ बालकांना बाप्तिस्मा देताना पोप फ्रान्सिस यांनी आईवडिलांना सांगितले होते, की पती-पत्नींनी भांडणे स्वाभाविक आहे. पण ते मुलांच्या डोळ्यांदेखत करू नये. आम्हांला त्यातील पहिले अर्धे वाक्यही तितकेच दिलासा देणारे वाटते.

शेवटी एक धोक्याची सूचना. रडणे असह्य होऊन संताप अनावर झाला, तर बाळाला कदापि हिसडू अथवा गदगदा हलवू नये. तान्ह्या मुलाच्या मेंदूत त्याने रक्तस्राव होऊ शकतो. काही सेकंद पुरतात. अशा वेळी बाळाला पाळण्यात किंवा जमिनीवर अंथरुणावर उताणे ठेवावे, दार लोटून पाच-दहा मिनिटे बाहेर जावे, तोंडावर पाणी मारावे आणि कोणाला तरी हाक मारावी. आई किंवा वडील यांपैकी कोणाची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर मिरज व सांगली येथील शासकीय रुग्णालयांत किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. तेथवर जाणे लगेच शक्य नसेल, तर केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. तेथे मराठीतही बोलता येते. फोन पत्नीनेच करावा असे नाही. पतीनेही करावा, आणि दवाखान्यात जाताना दोघांनी मिळून जावे.